चपलेतले दिवे

१

लोक जे हौसेनं घेतात आणि दोन दिवसांत फेकतात, त्यावर माझं पोट चालतं. लाइटवाली राखी, लाइटवाला फुगा, वाढदिवसाला डोक्यावर लावायची लाइटवाली शिंगं, दिवाळीतल्या बॅटरीच्या पणत्या. सण उरकला की गांधीबागेकडचे ओळखीचे ठोक दुकानदार उरलेला माल पोत्यात कोंबतात आणि मला फोन करतात. मी स्कूटर घेऊन जातो. घरी आलो की माझी बायको ऋतुजा पोत्याकडे बघते, मग माझ्याकडे बघते.

मी बिल्डरांसाठी मॉडेलं करतो. मिहान उद्योगवसाहतीच्या आजूबाजूला जी इमारत अजून जमिनीतून वर आलेली नसते, ती आधी माझ्या टेबलावर उभी राहते. छत नसलेले फ्लॅट, पुठ्ठ्याचे पलंग, प्लास्टिकची चार माणसं. आणि आजकाल प्रत्येकाला त्यात लाइट पाहिजेत. मॉडेलसाठी मिळणारे तयार दिवे महाग, शिवाय त्यांचा उजेड दवाखान्यासारखा पांढराफटक. राखीतला दिवा बरा. त्याचं डोकं कानशीनं घासून सपाट करायचं, वरून नारिंगी नेलपॉलिशचा हात द्यायचा, बाजूंना काळा रंग फासायचा म्हणजे उजेड भिंतीतून फुटत नाही. पणतीतला थरथरणारा दिवा देवघरात शोभतो. रंग बदलणाऱ्या अंगठीतला दिवा हॉलमध्ये लावला, की कोणीतरी टीव्ही चालू ठेवून झोपलंय असं वाटतं.

हे सगळं तपासायला अंधार लागतो, आणि मे महिन्यात नागपुरात अंधार फुकट मिळतो. जेवणं झाली की अख्खी कॉलनी पडदे ओढून घेते. आमच्या घरात एकच मोठा कूलर, आईच्या खोलीच्या खिडकीत. खसच्या ताट्या ओल्या झाल्या की तो वास आणि गारवा तिच्या खोलीतून माझ्या खोलीत येतो, म्हणून मधलं दार आम्ही उघडंच ठेवतो. ऋतुजा मिहानमधल्या कंपनीत कामावर गेलेली असते. आई पलंगावर पडते, मी टेबलाशी बसतो. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नसतं.

त्या मे महिन्यात हर्षित नावाच्या एका बिल्डरच्या माणसाचं काम होतं. त्याचा एकच हट्ट होता.

"भाऊ, पॅसेज में आदमी आया की लाइट लगना चाहिए. एक के बाद एक. कस्टमर खूश झाला पाहिजे."

"मॉडेलमध्ये आदमी कसा येईल गा?" मी म्हटलं.

"ते तुम्ही पाहा नं. टेबलाले हात मारला तरी चालते."

टेबलाला हात मारायचा म्हटल्यावर मला लगेच लहान मुलांचे बूट आठवले. पाय आपटला की टाचेत लाल लाइट पळतात, ते. त्या टाचेत एक सीलबंद गोळी असते. तिच्यात इवलीशी स्प्रिंग आणि बटणासारखा सेल. धक्का बसला की स्प्रिंग टेकते आणि तीन दिवे ओळीनं लागतात: पहिला, दुसरा, तिसरा. नेहमी त्याच क्रमानं. दुसरं काही तिला येतच नाही.

माझ्या खणात तशा दोन गोळ्या होत्या. त्यातली एक मी घेतली. एक दिवा फ्लॅटच्या दाराशी, दुसरा पॅसेजच्या मध्ये, तिसरा बेडरूमपाशी. टेबलावर बोट आपटलं. एक, दोन, तीन. छान झालं होतं.

त्या दोन गोळ्या बाबांच्या चपलांतल्या होत्या.

२

बाबांचं नाव दादाजी. बारशालाच आजोबा झालेला माणूस, असं आई त्यांना चिडवायची. आमचं घर जुन्या शहरात, कोष्ट्यांच्या गल्लीत होतं. पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग. बाबा त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे. पायाखालच्या दोन पावड्या दाबत त्यांनी आयुष्यभर लुगडी विणली. मागाचं काम संपलं, गल्ली बदलली, भावाभावांत वाटण्या झाल्या, घर विकलं गेलं. आता तिथं कापडाचं चार मजली गोदाम आहे. आम्ही बेसा रोडकडे फ्लॅट घेतला. मोकळी हवा, लिफ्ट, सगळं झालं. बाबांना फक्त एवढंच कळेना की आपण इथं कशाला थांबलो आहोत.

पुढे पुढे ते विसरायला लागले. रात्री उठून फिरायचे, भिंतींना हात लावत. स्वयंपाकघरात उभे राहून विचारायचे, "माग कोठी गेला वं?" आई उठून त्यांना परत आणायची. अंधारात ते पडतील ही भीती, म्हणून मी बाजारातून लहान मुलांचे बूट आणले, टाचा फोडल्या आणि त्यातल्या गोळ्या त्यांच्या चपलांच्या तळात बसवल्या. पाऊल टाकलं की पायापुढे उजेड पडायचा. बाबांना फार गंमत वाटली. पहिल्या दिवशी ते हॉलमध्ये उगाच चालत राहिले, आई पलंगावर बसून हसत होती. "नवरदेवावानी मिरवून राहिले," म्हणाली. मीही हसलो. ती संध्याकाळ माझ्या फार जवळची आहे.

त्यांची चाल वेगळी होती. जन्मभर पावड्या दाबून उजवा गुडघा आखडलेला. डावं पाऊल पडायचं, त्यामागं उजवं घासत यायचं, मग ते थांबायचे. परत दोन पावलं, परत थांबायचे. आम्ही आपापल्या खोलीतून दाराच्या फटीतला लाल उजेड बघायचो आणि ओळखायचो की बाबा कुठं पोचले.

लाइट रात्रीसाठी लावले होते. बाबा गेले भर दुपारी. त्याच्या आदल्या वर्षीचा मे महिना, पडदे ओढलेले, कूलर चालू, सगळे डुलकीत. ते अनवाणी बाहेर पडले. संध्याकाळी सापडले तेव्हा शहराच्या वाटेवर एका कंपाउंडच्या भिंतीला टेकून बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, म्हातारा सावलीला बसलाय. तळपाय पोळून सोललेले होते आणि तोंड जुन्या घराच्या दिशेला होतं.

तेराव्याला आम्ही रीतीनं नव्या चपला, छत्री, पाण्याचा तांब्या आणि दिवा दान केला. पुढची वाट तापलेली असते, अंधारी असते, म्हणून द्यायचं. लाइटवाल्या जुन्या चपला मात्र दाराशीच राहिल्या. आई त्यांना हात लावू देईना. वर्षश्राद्ध झालं, तेव्हा तिनं स्वतःच त्या उचलून मला दिल्या.

"अंगठे तुटले या चपलांचे. लाइट काढून घे, तुह्या कामात येतीन. त्यायले काही वाया गेलेलं चालत नव्हतं."

खरंच होतं ते. बाबा वीतभर उरलेला धागासुद्धा गाठ मारून वापरायचे. मी गोळ्या काढून खणात टाकल्या.

३

हर्षितचं मॉडेल जवळपास झालं होतं. दुपारी मी दुसऱ्या एका फ्लॅटचा ओटा कापत बसलो होतो. खोलीत अंधार, टेबलावर फक्त माझा कामाचा दिवा, कूलरची घरघर. डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी लाल हललं.

दाराशी दिवा लागला होता. मग पॅसेजमधला.

माझा हात टेबलाला लागला असेल. पण मग तिसरा दिवा लागायला हवा होता. तो लागला नाही. पॅसेजमधला विझला आणि पुन्हा दाराशीचा लागला.

मी कात्री खाली ठेवली. एक, दोन, एक. थोडा वेळ काही नाही. परत एक, दोन. मग तिसरा. मग पुन्हा दोन.

ज्याला या कामातलं काही कळत नाही त्याला यात भिण्यासारखं काही दिसणार नाही. पण त्या गोळीला उलटं जाता येत नाही. तिला मागं फिरणं ठाऊकच नाही. घड्याळाचा काटा उलटा गेलेला बघावा तसं मी बघत राहिलो.

मग डोकं चालवलं. कूलरनं टेबल थरथरत असेल, म्हणून उठून कूलर बंद केला. आई झोपेतच "काय झालं गा?" म्हणाली. "काही नाही," म्हटलं. परत आलो. कूलरचा आवाज गेल्यावर खोलीत स्वतःचा श्वास ऐकू येत होता. पॅसेजमधला दिवा लागला, विझला आणि दाराशीचा लागला.

संध्याकाळी ऋतुजाला सांगितलं. तिनं चहा गाळता गाळता ऐकलं.

"लूज कॉन्टॅक्ट असन," ती म्हणाली. "वर्षभर घामाच्या चपलेत होती ती गोळी. गंज खाल्ला असन आतून."

मलाही तेच पाहिजे होतं. गंजच असणार. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

४

गंज नव्हता. दुसऱ्या दुपारी मी नीट बघायचं म्हणून फक्त बघत बसलो, हातात काही घेतलं नाही.

दिवा दोन वेळा लागायचा, मग थांबायचा. परत दोन वेळा, आणि परत थांबायचा. पहिला उजेड झटकन यायचा. दुसरा हळू, जमिनीवरून घासत आल्यासारखा.

मला घाम फुटला आणि दुसऱ्याच क्षणी रडू आलं. दोन्ही एकदम येऊ शकतात हे मला माहीत नव्हतं. ही चाल मी शेकडो रात्री दाराच्या फटीतून पाहिली होती. त्या कोऱ्या, पांढऱ्या फ्लॅटमध्ये, जिथं अजून कोणी राहायला आलेलं नाही, माणूस दारातून पॅसेजमध्ये जात होता, बेडरूमपाशी थांबत होता, आणि आपलं काही ओळखीचं न सापडल्यामुळे परत येत होता.

मूर्खपणा आहे, मी स्वतःला बजावलं. दुसऱ्या सकाळी नव्या बुटांतली नवी गोळी आणून बसवली. टेबलावर बोट आपटलं. एक, दोन, तीन. दिवसभर तिनं एकदाही चूक केली नाही. बाबांची गोळी तिच्या तारांसकट बाजूला पुठ्ठ्यावर ठेवली होती. ती आंधळ्यासारखी पडून होती. थोड्या वेळानं तिचे तीनही दिवे मंद लागले, विझले, परत लागले. आता तिला खोल्याही नव्हत्या.

ते मला बघवेना. मी ती उचलून पुन्हा फ्लॅटमध्ये लावली. पण उद्या हर्षित मॉडेल न्यायला येणार होता. सेल्स ऑफिसच्या एसीत, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकानं टेबलावर थापा मारायच्या, आणि बाबांनी तिथं घर शोधत फिरायचं. हे मी कसं होऊ दिलं असतं?

"कोण आहे थ्ये?"

आई दारात उभी होती. केस सुटलेले, पदर डोक्यावर नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर मॉडेलवर होती. ती जवळ आली, टेबलाच्या कडेला हात टेकून वाकली. डावं, उजवं, थांबणं. तिनं तोंडावर पदर घेतला.

"घर शोधून राहिले," ती म्हणाली. "अजून शोधूनच राहिले वो माय."

५

हर्षितला नव्या गोळीचं मॉडेल दिलं. तो खूश झाला, टेबल बडवत सुटला. मी बाकीची कामं पुढे ढकलली आणि जुनं घर करायला घेतलं.

घराचा नकाशा कधीच नव्हता. फोटो होते ते लग्नामुंजीतले, सगळ्यांत माणसं पुढे आणि घर मागं. पण आई होती. ती माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसली आणि वीतभर भिंतींवर हुकूम सोडायला लागली.

"खिडकी इतकी मोठी नोती. त्यातून निस्ता हात जाये."

"छपराच्या कवेलूचा रंग असा नाही. पावसानं काळा पडेल होता."

"ओटा उजवीकडून तुटेल होता. तू पडला होतास नं तिथून, हनवटी फुटली होती."

ती मापं वितीनं सांगायची, मी ती लहान करायचो. मागाचा खड्डा केला, पावड्या केल्या, आईच्या जुन्या लुगड्याचा एक धागा काढून मागावर ताणला. मागच्या खोलीत चूल, आणि चुलीशेजारी आईचा चरखा, ज्यावर ती कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची नळी. ती संपली की पुढच्या खोलीतून बाबांची आरोळी यायची, "कांडी!", आणि आई टोपली कमरेवर घेऊन निघायची. मधला उंबरठा उंच होता. तिथं तिला नेहमी थांबावं लागायचं, टोपली सावरायला. कितीदा तरी मी नेमकी तेव्हाच अंगणातून हाक मारायचो, भूक लागली म्हणून, पतंग फाटला म्हणून. मग ती उंबरठ्यावरून परत फिरायची. तिकडं माग बंद पडायचा आणि बाबा कुरकुरायचे, "लेकाची एक हाक, की संपलं आपलं."

"एक हाक कानावर येऊन पाय पुढे टाकला असता त निभलं असतं," आई आता म्हणाली. "पण तू दुसरी मारत जाय. दुसऱ्या हाकेले माय फिरतेच."

मी सवयीनं प्लास्टिकची माणसं काढली, एक मागावर बसवायला. आईनं माझा हात धरला.

"माणसं नको ठेवू."

बाबांच्या गोळीचे दिवे मी असे लावले: एक गल्लीत, एक ओट्यावर, एक मागाच्या खड्ड्यात. दुसऱ्या चपलेची गोळी खणातच होती. ती आईनं स्वतः काढून आणली.

"हे मागच्या खोलीत लाव. चरख्यापाशी एक, उंबरठ्यावर एक, मागापाशी एक."

"तिथं कोण आहे आई?"

"मी नव्हते का तिथं?"

तिच्या बोलण्यात रुसवा होता, थट्टाही होती. घराच्या मॉडेलमध्ये आपल्या वाट्याला दिवा पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं असेल, असं मला वाटलं. मी दिवे लावले. ही गोळी कधी लागलीच नाही. टेबल आपटलं, तारा तपासल्या, सील फोडून सेल बदलला. ती काही केल्या जागी होईना.

६

बाबांना मात्र घर सापडलं. पहिल्याच दुपारी गल्लीतला दिवा लागला. डावं, उजवं, थांबणं. मग ओट्यावरचा. आईनं माझं मनगट घट्ट पकडलं होतं. आम्ही खड्ड्यातल्या दिव्याची वाट बघत होतो.

तो लागला नाही. ओट्यावरचा दिवा बराच वेळ जळत राहिला, विझला, आणि गल्लीतला लागला. मग परत ओटा.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. गल्लीतून ओट्यावर, ओट्यावरून गल्लीत. कधी ओट्यावर तो इतका वेळ थांबायचा की मला वाटायचं, माणूस बसला असावा, भिंतीला टेकून. मी आईकडे बघायचं टाळायचो. तिनं जेवण सोडलं. दुपारी पलंगावर पडायची ते डोळे उघडे ठेवून.

"हे बंद करा आता," ऋतुजा म्हणाली. तिला सुट्टी होती, तीही माझ्या मागं उभी राहून बघत होती. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "लूज कॉन्टॅक्ट म्हणा नाहीतर काहीही म्हणा. आई निम्म्या झाल्या. सेल काढा आणि पेटीत ठेवा हे घर."

"ओट्यावर आलेल्या माणसाले असं हाकलते का वं कोणी?" आई आतून म्हणाली.

ऋतुजा माझ्याजवळ येऊन वाकली आणि ओट्याकडे बघत म्हणाली, "यायले आत काहून नाही जाता येऊन राहिलं?"

तेव्हा मला कळलं, आणि लाज वाटली. इतकी वर्षं मी घरं करतो, आणि माझ्या एकाही घराचं दार उघडत नाही. दार म्हणजे भिंतीवर चिकटवलेला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर कडी रंगवलेली. बिल्डरला पुरतं तेवढंच. छत काढलं की आतलं सगळं दिसतं, मग दार कशाला कोण उघडेल? बाबांच्या घरालाही मी सवयीनं तसंच दार लावलं होतं.

मी पातं घेतलं. दाराच्या तीन बाजू कापल्या, चौथ्या बाजूला घडी घातली आणि दार आत ढकललं. ओट्यावरचा दिवा विझला.

खड्ड्यातला लागला.

"आले," मधल्या दारात येऊन उभी राहिलेली आई म्हणाली. ती इतकं हळू बोलली, जसं कोणी झोपलेलं उठायला नको.

७

पुढचे दिवस सुखाचे होते. आपल्या घरात काय चाललं आहे हे ठाऊक असून सुखाचे होते, हेही लिहायला पाहिजे. जेवणं झाली की खड्ड्यातला दिवा लागायचा आणि मग थांबायचा नाही. लागायचा, विझायचा, लागायचा, विझायचा, एका लयीत. डावी पावडी, उजवी पावडी. थांबण्याची ती जुनी खोड गेली होती, गुडघा दुखत नसावा. आवाज काहीच नव्हता. तरी मी ओटे आणि बाल्कन्या कापत बसलो की माझी कात्री त्या लयीत चालायला लागायची.

भीती गेली होती असं नाही. अंगावर काटा यायचाच. पण लहानपणी अशीच दुपार असायची, पुढे बाप विणतोय आणि मागं आई आहे, आणि आपल्याला कशाचीही काळजी नाही. त्या काट्यासकट मला ती पाहिजे होती.

आई जेवायला लागली. ऋतुजाकडून तिनं वेणी घालून घेतली, शेजारच्या यमुताईंना बोलावून गप्पा मारल्या. मला म्हणाली, "तुह्या हाताले यश आहे गा." बाबांनी माझ्या कामाला कधी काम म्हटलं नव्हतं, तिनंही नाही. मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

एकच गोष्ट मला खटकायची. अधूनमधून मागाची लय अडायची. दिवा लागून तसाच राहायचा, विझायचाच नाही. अशा वेळी मी आईच्या खोलीत डोकावलो, की ती जागी असायची, कुशीवर वळून, कान दिल्यासारखी.

"काय गं आई?"

"काही नाही. सूत सरलं असन," ती म्हणायची.

८

शेवटची दुपार फार तापलेली होती. ऋतुजा कामावर. आई थोडा आंबरस पोळी खाऊन पडली. जाता जाता मॉडेलपाशी थांबली, तुटक्या ओट्यावरून बोट फिरवलं, त्याच बोटानं माझी हनवटी चाचपली. जुनी खूण अजून हाताला लागते. मग ती तिच्या खोलीत गेली. मी पंप लावून ताट्या भिजवल्या.

खड्ड्यातला दिवा चालू होता. मी एका बंगल्याच्या जिन्याचा कठडा चिकटवत होतो. लय अडली. दिवा लागून तसाच राहिला. मी वर बघितलं नाही, सवय झाली होती.

मग मागच्या खोलीत उजेड पडला.

चरख्यापाशी. जी गोळी कधीच लागली नव्हती, ती. पहिल्यांदा मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. शेवटी जुळली तार, एवढंच मनात आलं. चरख्यापाशचा दिवा विझला आणि त्याच्या पुढचा लागला, उंबरठ्यावरचा. लहान, भरभर पावलं होती. ती उंबरठ्यावर थांबली.

टोपली सावरायला थांबावं तशी.

माझ्या हातातला कठडा गळून पडला. मधल्या दारातून आईचा पलंग दिसत नव्हता, फक्त पडद्याची कड कूलरच्या वाऱ्यानं हलत होती.

"आई," मी हाक मारली.

तिच्या खोलीतून ओ आली नाही. उंबरठ्यावरचा दिवा मात्र हलला. विझण्याच्या बेतात असलेला तो पुन्हा उजळला आणि स्थिर झाला. कोणीतरी एक पाय उचललेला असताना मागून हाक यावी, तसा तो थांबून राहिला. पुढच्या खोलीत मागाचा दिवाही लागून तसाच होता, कांडीची वाट बघत.

दुसरी हाक माझ्या तोंडात होती. मारली असती तर ती फिरली असती. जन्मभर फिरत आली होती, माझ्या भुकेसाठी, फाटक्या पतंगासाठी. पलंग करकरला असता, "काय झालं गा?" म्हणाली असती, आणि आम्ही दोघांनी चार वाजता चहा घेतला असता. मला ते इतकं पाहिजे होतं की दात घट्ट मिटून धरावे लागले.

आणि पुढच्या खोलीत बाप थांबला होता. तळपाय पोळत, भिंती चाचपत, बंद दाराशी बसून तो इतक्या लांबून आला होता.

मी दुसरी हाक मारली नाही.

उंबरठ्यावरचा दिवा थोडा वेळ तसाच राहिला. मग विझला, आणि मागापाशचा लागला. तो आणि खड्ड्यातला, दोन्ही एकदम. कवेलूखालच्या भिंतीवर त्यांचा उजेड पडला. त्या घरात मी एकही माणूस ठेवलेला नव्हता. तरी भिंतीवर एक पाठ वाकलेली दिसली, आणि तिच्या बाजूला कोणीतरी उभं राहून, हात लांब करून, काहीतरी देत होतं. पापणी मिटली तेवढ्यात ते गेलं.

खड्ड्यातला दिवा पुन्हा चालायला लागला. लागायचा, विझायचा. लागायचा, विझायचा. मी काही वेळ बघत राहिलो, मग आईचा कूलर बंद करायला उठलो.